ड्रुपल: कॉन्फिग इंपोर्ट केलं की लाइव्हवरचे फॉर्म पुसले जातात, मदत हवी आहे

इंदूरच्या एका मराठी मंडळाची साइट ड्रुपल (साइट बनवायची प्रणाली) ७ वरून ११ वर आणली. (७ चा सपोर्ट ५ जानेवारी २०२५ लाच संपला होता, आम्ही उशिरा जागे झालो.) कोड गिटमध्ये (बदलांची नोंद ठेवणारं साधन), मॉड्यूल म्हणजे जोडभाग कंपोझर या साधनाने बसवतो. हॉल-बुकिंगचं मॉड्यूल स्वतः लिहिलंय, सगळा हिशेब सर्व्हिस क्लासमध्ये ठेवलाय. ते छान चाललंय.

घोळ कॉन्फिगचा, म्हणजे साइटच्या सेटिंग्जचा आहे; फॉर्मची रचनाही त्यातच येते. आम्ही लोकलवर (आपल्या संगणकावर) ‘ड्रश सीईएक्स’ (कॉन्फिग फाइलींत एक्सपोर्ट करायची आज्ञा) करून गिटमध्ये कमिट करतो, लाइव्हवर (चालू साइटवर) ते पुल करून ‘ड्रश सीआयएम’ (त्या फाइलींतून इंपोर्ट). पण मंडळाचे चिटणीस काका गणेशोत्सव स्पर्धांचे वेबफॉर्म थेट लाइव्हवर बदलतात. परवा त्यांनी ‘वयोगट’ फील्ड घातलं, रात्री आम्ही इंपोर्ट केलं, सकाळी फोन: “भिया, माझं फील्ड कुठे गेलं?”

कॉन्फिग इग्नोअर (ठरावीक कॉन्फिग इंपोर्टमधून वगळणारं मॉड्यूल) लावून पाहिलं, साध्या मोडमध्ये, सगळ्या वेबफॉर्मना एकच वाइल्डकार्ड (सगळ्या नावांना लागू पडणारं चिन्ह) देऊन. काकांचे फॉर्म वाचले, पण आता आम्ही लोकलवर केलेला नवा फॉर्म लाइव्हवर पोचतच नाही. साइटचा यूयूआयडी (ओळख क्रमांक) दोन्हीकडे एकच आहे, कॅशही साफ करून झालीय.

काकांचे अधिकार काढून घ्या असं कृपया सुचवू नका, ते होणार नाही. एसएसएच (सर्व्हरवर दुरून आज्ञा चालवायची सोय) आहे, स्टेजिंग (चाचणीसाठी वेगळी साइट) नाही, माणसं दोनच.

कॉन्फिग इग्नोअरच्या इंटरमीजिएट मोडमध्ये (नवीन, बदल, काढणं यांना वेगवेगळे नियम) ‘नवीन येऊ दे, असलेल्याला हात लावू नको’ असं कुणी प्रत्यक्ष चालवलंय का? की दर डिप्लॉयआधी लाइव्हचं कॉन्फिग एक्सपोर्ट करून गिटमध्ये मर्ज करणंच बरं?