एका ग्रिडमधून दुसऱ्या ग्रिडमध्ये जाताना पुरवठा कसा टिकतो?

प्रश्न (राजारामपुरी, कोल्हापूर):
एस्टोनिया, लॅटव्हिया आणि लिथुआनिया हे देश ८ फेब्रुवारी २०२५ रोजी रशिया-बेलारूसच्या ग्रिडमधून (वीजपुरवठ्याच्या जाळ्यातून) बाहेर पडले आणि दुसऱ्या दिवशी पोलंडमार्गे युरोपीय ग्रिडला जोडले गेले. दोन्हीकडे वारंवारिता (प्रवाहाची सेकंदाला होणारी आवर्तने) ५० हर्ट्झच असताना थेट जोडणी का केली नाही, हे कृपया कोणी समजावून सांगावे.

उत्तर १:
५० हर्ट्झ हे उद्दिष्ट असते. मागणी आणि निर्मितीनुसार प्रत्येक ग्रिडची वारंवारिता क्षणोक्षणी किंचित बदलते. त्यामुळे दोन ग्रिड जोडणारा ब्रेकर (मोठा स्विच) जोडण्यापूर्वी दोन्ही बाजूंची वारंवारिता, विद्युतदाब आणि कला-कोन (त्या क्षणी लहर आवर्तनाच्या कोणत्या टप्प्यावर आहे ते) जुळवावे लागतात, अन्यथा प्रचंड प्रवाह वाहून जनित्रांना इजा होऊ शकते. मधल्या काळात या देशांनी आपली वारंवारिता स्वतः सांभाळली. यासाठी त्यांनी आधीच सिंक्रोनस कंडेन्सर बसवले होते. ही जड फिरणारी यंत्रे वीज निर्माण करत नाहीत, परंतु त्यांच्या जडत्वामुळे वारंवारिता एकदम कोसळत नाही. माझ्या मते खरे श्रेय या पूर्वतयारीला आहे.

उत्तर २ (इचलकरंजी):
आपल्या शेजारीच याचे उदाहरण आहे. दक्षिणेची ग्रिड उर्वरित भारताशी ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर या ७६५ केव्ही (किलोव्होल्ट) वाहिनीने समकालिक झाली, म्हणजे एकाच वारंवारितेने चालू लागली. तोपर्यंत वीज देवाणघेवाण मुख्यतः डीसी (एकाच दिशेने वाहणाऱ्या प्रवाहाच्या) दुव्यांतून होत असे. चंद्रपूर जिल्ह्यातील भद्रावतीचे केंद्र त्यांपैकीच एक. डीसी दुव्याला दोन्हीकडची वारंवारिता जुळण्याची गरज नसते.

प्रश्नकर्ता:
मनःपूर्वक आभार. कला-कोनाचा मुद्दा आता स्पष्ट झाला.