जड गोधडी, भरतकामाचे वीस चौकोन: टाक्यांची नक्षी कोणती घ्यावी?

सुईदोरा_परभणी
12 इंची वीस चौकोन आहेत, आडवे चार आणि उभे पाच. चौकोनांच्या मधे आणि सभोवतीही 3 इंची पट्ट्या, त्यांच्या बाहेरून 6 इंची किनार. पुढची बाजू जोडून झाली, माप 75 बाय 90 इंच. प्रत्येक चौकोनात मधोमध 8 इंचांचं भरत आहे. सोळांत साखळी टाका आणि भरीव पानं-फुलं, चारांत लमाणी आरसेकाम. भरताच्या मागे इस्त्रीनं चिकटवलेलं कॅनव्हास तसंच आहे. आत अडीच किलो पिंजलेला कापूस आणि खाली जुन्या नऊवारीचं अस्तर घालायचा विचार आहे. काठापासून आत येणारे नेहमीचे चौकोनी फेर घेतले तर धावदोरा भरतावरून जातो. मग फक्त पट्ट्यांतच टाके घ्यावेत का? मशीन साधं घरगुती आहे.

वाकळ_नांदेड
ताई, दोन्ही नको. काठापासूनचे फेर लुगड्यांच्या थरांच्या गोधडीला शोभतात, कारण तिथं सगळं कापड सारखंच मऊ असतं. तुमच्या चौकोनाचा मधला भाग भरत आणि कॅनव्हासमुळं ताठ झालाय. फेर आत येतील तसं जास्तीचं कापड पुढं सरकत जाईल, त्या ताठ भागापाशी अडेल आणि तिथं चुण्या पडतील. सुई साखळीच्या कडीतून गेली की कडी आवळते, ती परत सुटत नाही.

फक्त पट्ट्यांत टाके घेतले तर 12 इंचांत कापसाला कुठंच आधार नाही. सुट्या पिंजलेल्या कापसाला तीन बोटांवर, म्हणजे 2 इंचांच्या आत टाका लागतोच. नाहीतर एक-दोन धुण्यांत गोळे होऊन खालच्या अंगाला जमतात. म्हणून नक्षीच्या आधी कापसाचं बघा.

अडीच किलो फार होतो. दीड किलो घ्या, या मापाला चौरस मीटरमागं साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास बसतो आणि आपल्याकडच्या थंडीला पुरतो. कापूस मलमलीच्या दोन थरांत सारखा पसरून त्याचीच आधी पातळ दुलई करा, 2 इंचांवर सरळ रेघा. हे टाके दिसणार नाहीत, अर्ध्या इंचाचा टाकाही चालतो. कापसात सरकीचा चुरा राहिलेला नको, सुई त्यावर अडते.

आता कापूस आतच बांधलेला असल्यामुळं वरची नक्षी मोकळेपणानं घेता येते. भरताच्या बाह्यरेषेपासून दोन सूत, म्हणजे पाव इंच सोडून एक फेर घ्या, पानाफुलाच्या वळणानंच. त्यानं भरत उठून दिसतं. उरलेल्या कोपऱ्यांत 1 इंची तिरपी जाळी, ती फेरापाशी थांबवायची. भरताच्या आत दोन पाकळ्यांमधली मोकळी जागा बघून त्याच रंगाच्या दोऱ्यानं तीन-चार लपते टाके घ्या, 3 इंचांवर एक जागा पुरे. हे टाळलं तर मधला भाग फुग्यासारखा वर येतो.

हातटाका_लातूर
वाकळ_नांदेड यांचं पटतं, फक्त जाळी 1 इंचाची नको. वीस चौकोनांचे ऐंशी कोपरे होतात. इतकी दाट जाळी घेतली तर गोधडी फळीसारखी होते, अंगाला लपेटत नाही. दीड इंच ठेवा आणि तोच दाटपणा पट्ट्यांत नि किनारीतही पाळा. पट्टीत मधोमध एक आणि दोन्ही शिवणींलगत एकेक रेघ, झालं. किनारीत 3 इंचांचं अंतर सोडलं की आतला भाग टाक्यांनी आवळतो, किनार आवळत नाही आणि कडा लाटेसारखी उठते. बरेच जण किनार शेवटी घाईत उरकतात, म्हणून हे होतं. पट्ट्या छापील असतील तर वेलबुट्टी घेऊ नका, छापात दिसत नाही.

मशीनवर फक्त मलमलीची दुलई करा, तीही टाका 4 मिमी आणि सुई 16 नंबर ठेवून. पूर्ण गोधडी नको. घरगुती मशीनच्या सुईपासून खांबापर्यंत वीतभरही जागा नसते. एवढी गुंडाळी तिथं बसली तरी वजन कापड मागं ओढतं, टाके लहानमोठे होतात, सुई वाकून पट्टीवर आपटते.

हातानं करताना अस्तर चारही बाजूंनी 4 इंच जास्त, म्हणजे 83 बाय 98 ठेवा. नऊवारीचे दोन तुकडे उभे जोडा आणि जोडाच्या बाजूचे काठ कापून टाका, काठातून सुई जाईना होते. चौकोन आडवे चार असल्यामुळं जोड आपोआप मधल्या पट्टीखाली येतो, तो भरताखाली सरकू देऊ नका. चटईवर अस्तर ताणून बसवा, दुलई आणि वरची बाजू ठेवा, मग मधून बाहेर वीतभर अंतरावर कच्चे टाके घ्या. पक्के टाकेही मधूनच बाहेर. दोरा हातभरच घ्या, लांब घेतला की पीळ पडून गाठ होते. एवढ्या जाडीत इंचाला चार टाके आले तरी भरपूर झाले. पाच-सहाचा हट्ट धरला की मागचा टाका सुटतो.

सुईदोरा_परभणी
दुलई वेगळी करायचं पटलं. कॅनव्हास ओढून काढू का? आणि आरशांच्या चौकोनांत दोन सूतच सोडायचं का? भरतात लाल दोराही बराच आहे.

वाकळ_नांदेड
ओढू नका. चिकटलेलं कॅनव्हास ओढलं की भरताचे टाकेही ढिले होतात. भरताच्या बाहेर दोन सूत ठेवून कात्रीनं कापा. मागं लोंबणारे गडद दोरेही छाटून घ्या, फिकट कापडातून त्यांची सावली दिसते. हे सगळं दुलई लावायच्या आधी.

आरशांपासून अर्धा इंच लांब राहा. जवळून टाका ओढला की आरसा धरणाऱ्या दोऱ्यावर ताण येतो आणि आरसा निसटतो. कापड ताणून धरायची लाकडी रिंग आरशावर येऊ देऊ नका, काच तडकते. त्या चार चौकोनांत साधी तिरपी रेघच बरी, जाळी नको, आरशांची लखलख आधीच पुरेशी असते.

लाल दोऱ्यावर पांढरं ओलं फडकं दोन मिनिटं दाबून धरा. फडक्याला रंग लागला तर त्या जागी टाक्यांसाठी आखलेल्या खुणाही ओल्या करून पुसायच्या नाहीत. म्हणून तिथं साबणाच्या कोरड्या वडीच्या कडेनं बारीक खूण करा, ती झटकली तरी निघते.

हातटाका_लातूर
धुण्याचं राहिलं. ओली गोधडी एका दोरीवर टाकली की सगळा भार मधल्या ओळीच्या टाक्यांवर येतो आणि भरताच्या कडेचा फेर तुटतो. बाजेवर पसरून, उलटी बाजू वर करून वाळवा.