उजेडात चमकणारा रंग आणि आपल्याकडचा तोंडाचा कॅन्सर: आधी काय पाहिजे?

निपाणीकर
माझी मावशी तीस वर्षं वखारीत तंबाखू निवडायची, सकाळी दातांना मिश्री. गेल्या वर्षी गालाच्या आतल्या गाठीचं ऑपरेशन झालं. बारा दिवसांनी रिपोर्ट आला, एका कडेला पेशी शिल्लक. पुन्हा भूल, पुन्हा कापाकाप.

गाठीची कड सर्जनला टेबलावरच दिसावी यासाठी रंग आहेत. मेंदूच्या काही गाठींत ऑपरेशनच्या काही तास आधी ५-एएलए नावाचं औषध पाजतात. गाठीच्या पेशी त्यापासून पोर्फिरिन नावाचं चमकणारं द्रव्य तयार करतात आणि निळ्या उजेडात गाठ लालसर गुलाबी दिसते. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या जर्मन चाचणीत एमआरआयवर दिसणारी गाठ पूर्ण निघालेले रुग्ण ६५ टक्के होते, साध्या उजेडात ३६. शिवाय अशा रंगावर योग्य प्रकाश टाकला की पेशीतला ऑक्सिजन भडकतो आणि पेशी जागेवर मरते. बेळगावात मेडिकल कॉलेजं आहेत. हे इथंच व्हायला पाहिजे.

खानापूरची आशाताई
दादा, मावशींचं वाचून जीव कळवळला. खरं मला तुमचं पटत नाही.

मी घरोघरी जाते. तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का, म्हणजे तोंड पुरेसं उघडतं का, बघते. कितीतरी बायकांची दोनच जातात. तोंडाला पदर लावून म्हणतात, "तिखट लागतंय, एवढंच." दवाखान्यात पोचेपर्यंत मानेत गाठी आलेल्या असतात. लाल प्रकाश मांसात जेमतेम सेंटिमीटरभर शिरतो, गालावर टाकलेला उजेड मानेतल्या गाठींचं काय करणार? आणि उजेडानं पेशी मारायला देतात ते फोटोफ्रिनसारखं औषध घेतलं की महिनाभर तरी ऊन चालत नाही. रोप लावायच्या दिवसांत महिनाभर घरात कोण बसेल? मशीनचे पैसे आधी तपासणीला घाला.

निपाणीकर
उन्हाचं मान्य. खरं ५-एएलए दोन दिवसांत उतरतं, सगळी औषधं सारखी नाहीत. आणि गाल, जीभ या तर उजेड सहज पोचणाऱ्या जागा आहेत. दुसरे उपाय थकलेल्या डोक्या-मानेच्या कॅन्सरसाठी टेमोपोर्फिन या अशाच उजेडानं काम करणाऱ्या औषधाला युरोपात २००१ साली मान्यता मिळाली. रेडिएशनच्या किरणांचा डोस एका मर्यादेपुढं देता येत नाही, हा उजेडाचा उपचार त्याच जागी पुन्हा करता येतो. तुमच्या तपासणीत चट्टा लवकर सापडला, तर पुढं काय? गाल कापायचा?

टिळकवाडी, ओटी टेक्निशियन
तुम्ही दोन गोष्टी एकात घालताय. रंगानं बघणं वेगळं, रंगानं मारणं वेगळं. आयसीजी हा हिरवा रंग १९५० च्या दशकापासून वापरात आहे आणि आज आपल्या देशातल्या अनेक ऑपरेशन थिएटरांत त्याची चमक टिपणारा कॅमेरा आहे. तेवढं इथं मागणं रास्त आहे. मारण्याचं काम अजून पुढं चाललंय: जपाननं २०२० साली अँटिबॉडीला, म्हणजे ठरावीक पेशी ओळखून चिकटणाऱ्या प्रथिनाला, रंग जोडलेलं औषध डोक्या-मानेच्या कॅन्सरसाठी मान्य केलं, म्हणजे रंग नेमका गाठीच्या पेशीला जाऊन चिकटतो.

दादा, तुमच्या आकड्याची दुसरी बाजूही सांगतो. त्या चाचणीत गाठ परत वाढायला जास्त वेळ लागला, एकूण आयुष्य मात्र ठळकपणे वाढलं नाही. आणि तोंडात सूज असली, जंतू असले, तरी ते रंगासारखे चमकतात. मिश्रीनं पोळलेल्या गालात नेमकी कड कुठली हे ठरवणं मेंदूइतकं सोपं नाही.

खानापूरची आशाताई
कॅमेऱ्याला माझा विरोध नाही, सर. दादा, एक विचारू? मावशींना पहिला पांढरा चट्टा कधी दिसला होता?

निपाणीकर
दिवाळीच्या आधी. ऑपरेशन जूनमध्ये झालं. मधले आठ महिने हळद लावत होत्या, आम्ही कुणी तोंड उघडून बघितलं नाही. तुमच्यासारखं कुणी दारात आलं असतं तर गाठ लहान असताना सापडली असती, हे मानतो. पण दुसऱ्यांदा भूल देताना त्यांनी माझा हात धरून ठेवला होता. तो कॅमेरा मी मागणारच.