शंभर फुटांवर घेतलेले वळण: चूक नेमकी कोठे झाली?

राजारामपुरी नववी गल्ली

सर्वांना नमस्कार. मी कोल्हापूरचा, वय चौतीस, उद्यमनगरात लहानसा कारखाना चालवतो. गेल्या दोन वर्षांत सवड काढून परदेशातील एका ड्रॉप झोनवर, म्हणजे उड्या मारण्याच्या मैदानावर, स्कायडायव्हिंगचा अभ्यासक्रम पूर्ण केला आणि माझ्या एकतीस उड्या झाल्या. एकतिसाव्या उडीत उजव्या घोट्याच्या वरचे हाड मोडले. सध्या प्लास्टरमधला पाय खुर्चीवर ठेवून हे लिहीत आहे.

घडले ते असे. सकाळी साडेदहाची वेळ होती आणि वारा ताशी आठ किलोमीटरच्या आत-बाहेर होता. पॅराशूट व्यवस्थित उघडले. शिकवल्याप्रमाणे हजार फुटांवर उतरण्याच्या मार्गात शिरलो, सहाशेवर आडवे वळण घेतले आणि तीनशेवर विंडसॉककडे, म्हणजे वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या कापडी नळीकडे, तोंड करून सरळ झालो. साधारण शंभर-सव्वाशे फुटांवर पायांखालची जमीन नेहमीपेक्षा वेगाने मागे सरकताना दिसली. विंडसॉक पाहिला, तर त्याची शेपटी माझ्याकडे येण्याऐवजी माझ्यापासून दूर उडत होती, म्हणजे वारा फिरला होता आणि मी वाऱ्याबरोबर चाललो होतो. ‘उतरताना नेहमी वाऱ्याला तोंड द्यायचे’ हे वाक्य डोक्यात इतके पक्के बसले होते की विचार न करता उजवा टॉगल, म्हणजे पॅराशूट वळवण्याच्या दोरीची मूठ, छातीपर्यंत ओढला. क्षितिज कलंडले आणि कॅनपी, म्हणजे पॅराशूटचे उघडलेले कापड, डोक्यावर न दिसता उजव्या बाजूला, जवळजवळ माझ्या खांद्याच्या रेषेत दिसली. घाबरून टॉगल सोडला, तरी ती काही लगेच डोक्यावर आली नाही. उजवा पाय आधी टेकला, मग कंबर, आणि मग तांबडे नायलॉन अलगद माझ्या तोंडावर येऊन पसरले.

तेथील इन्स्ट्रक्टर केवळ ‘खाली वळायचे नव्हते’ एवढेच बोलले. माझे प्रश्न दोन आहेत. मी वाऱ्याबरोबरच उतरायला हवे होते काय? आणि राखीव पॅराशूट आपोआप उघडणारे पाठीवरचे ऑटोमॅटिक यंत्र अशा वेळी उपयोगी का पडत नाही?

हडपसरची घार

प्रथम हे सांगतो की इतके प्रामाणिक आणि तपशीलवार वर्णन बहुतेक लोक करत नाहीत. ते ‘वाऱ्याने आपटले’ असे सांगून मोकळे होतात.

यंत्राचे उत्तर छोटे आहे. अनुभवी उडी घेणाऱ्यांसाठीचे यंत्र सुमारे सव्वादोनशे मीटर उंचीवर आल्यानंतरही माणूस सेकंदाला पस्तीस मीटरच्या आसपास वेगाने पडत असेल तरच रिझर्व्हचा, म्हणजे राखीव पॅराशूटचा, बांध कापते. विद्यार्थ्यांच्या यंत्रात हा वेग पुष्कळ कमी ठेवलेला असतो. तुमची मेन, म्हणजे मुख्य, कॅनपी उत्तम उघडलेली होती, त्यामुळे यंत्राच्या दृष्टीने सारे काही ठीक चालले होते. शिवाय जमिनीच्या अगदी लगत, जेथे रिझर्व्ह उघडून काही साधणार नाही, तेथे ते यंत्र मुद्दामच गप्प राहते. या खेळात जे जीव जातात, त्यांतील मोठा वाटा उत्तम उघडलेल्या, काहीही न बिघडलेल्या पॅराशूटखाली जातो, आणि त्यात जमिनीलगतचे वळण हे फार जुने कारण आहे.

आता वळणाबद्दल. एक टॉगल ओढला की कॅनपीची ती बाजू मागे रेटली जाते, कॅनपी कलते आणि आपण दोरीला बांधलेल्या लंबकासारखे बाहेर फेकले जातो. कललेली कॅनपी भार पेलण्याचे काम अर्धवट करते आणि खाली सूर मारते. टॉगल सोडल्यावर वळणे थांबते, पण सूर थांबत नाही, कारण आपले शरीर झोका घेऊन पुन्हा कॅनपीखाली येईपर्यंत तो चालूच राहतो. त्या झोक्याला उंची लागते, आणि ती तुमच्याकडे नव्हती. तुम्हाला जी कॅनपी खांद्याच्या रेषेत दिसली, ती हीच अवस्था होय.

म्हणून आम्ही शिकवताना जो क्रम लावतो, त्यात वाऱ्याचे नावच नसते. पहिले, कॅनपी डोक्यावर सपाट असावी आणि तिचे नाक सरळ असावे. दुसरे, समोर मोकळी जागा असावी. तिसरे, दोन्ही ब्रेक, म्हणजे दोन्ही टॉगल, निदान अर्धे तरी एकसारखे ओढलेले असावेत. चौथे, पाय जुळवून पडण्याची तयारी असावी. वाऱ्याला तोंड देणे ही या चार गोष्टी साधल्यानंतरची चैन आहे. सुरुवातीच्या धड्यांत ते वाक्य इतक्या वेळा कानावर पडते की विद्यार्थ्याला तोच पहिला नियम वाटू लागतो. हा आम्हा शिकवणाऱ्यांचाही दोष आहे.

आकड्यांत पाहू. तुमच्या कॅनपीचा पुढे जाण्याचा वेग ताशी पस्तीस किलोमीटर धरला, तर वाऱ्याला तोंड देऊन तुम्ही सत्तावीसच्या वेगाने उतरला असता आणि वाऱ्याबरोबर त्रेचाळीसच्या वेगाने. ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते, म्हणजे ती अडीच पट झाली. हे वाचायला भीतीदायक वाटते, परंतु ही सारी आडवी ऊर्जा आहे. मोकळ्या गवतावर पूर्ण फ्लेअर देऊन, म्हणजे टेकण्याआधी दोन्ही टॉगल एकत्र खाली ओढून, घसरत गेलात तर पँट फाटते, ढोपर सोलवटते आणि लोक हसतात. वळणातून मिळते ती उभी ऊर्जा, आणि ती घसरून खर्च करता येत नाही, ती सरळ हाडात जाते.

काही कारणाने अगदी खाली दिशा बदलावीच लागली, समजा समोर विजेची तार आली, तर दोन्ही ब्रेक आधी अर्ध्यावर आणायचे आणि तेथून एक बाजू थोडी आणखी खाली घ्यायची किंवा दुसरी थोडी वर सोडायची. कॅनपी फारशी न कलता, कुरकुरत का होईना, वळते. हे वळण वर, दोन-तीन हजार फुटांवर पंधरा-वीस वेळा केलेले असेल तरच खाली हातातून निघते. आणि चुकून कललेल्या कॅनपीसह खाली आलातच, तर टॉगल सोडून देण्यापेक्षा वरचा हात झटकन खाली आणून दोन्ही समान करा, कॅनपी सपाट करा आणि उरलेला ब्रेक तसाच दाबत न्या.

पाचगणीचा पॅराग्लायडर

मी स्कायडायव्हिंग करत नाही, परंतु एक शंका विचारतो. आम्ही पाचगणीला शंभर फुटांवर रोज वळतो, कोणाचा पाय मोडत नाही. मग हा नियम इतका कडक का असावा?

दुसरे म्हणजे वारा का फिरला, हे कोणी सांगितलेले नाही. सकाळी साडेदहाला वारा मंद असताना ऊन तापू लागते आणि जमिनीवरून उष्ण हवेचा एखादा बुडबुडा सुटतो. सुटताना तो आजूबाजूची हवा आपल्याकडे ओढून घेतो. त्या चार-पाच मिनिटांत विंडसॉक उलटा फिरतो आणि पुन्हा जागेवर येतो. तुम्ही त्या मिनिटांत सापडलात, इतकेच.

हडपसरची घार

बुडबुड्याचे निदान मला पटते. म्हणूनच मंद आणि फिरत्या वाऱ्यात विमानात चढण्यापूर्वीच उतरण्याची एक दिशा ठरवतात आणि मग विंडसॉक काहीही म्हणो, सर्वांनी त्याच दिशेने उतरायचे असते. आपण एकटेच उलटे फिरलो तर मागून येणाऱ्याच्या तोंडावर जातो, आणि दोन कॅनपी एकमेकींत गुंतल्या तर घोट्यावर निभावत नाही.

शंकेचे उत्तर असे. तुमचा पंख एक मीटर खाली येताना आठ-नऊ मीटर पुढे जातो, आमचा जेमतेम तीन. तुम्ही सेकंदाला मीटर-सव्वा मीटर उतरता, आम्ही चार-पाच मीटर उतरतो, आणि वळणात त्याच्या कितीतरी पट. आमची कॅनपी ताशी दोनशे किलोमीटरच्या वेगात न फाटता उघडावी म्हणून बनवलेली असते, तरंगत राहावे म्हणून नव्हे. शंभर फूट म्हणजे तुमच्यासाठी अर्धा मिनिट आणि आमच्यासाठी सहा-सात सेकंद.

टाकळीकर माजी सैनिक

मी शिरोळ तालुक्यातील सैनिक टाकळीचा. आग्र्याला पॅराचे प्रशिक्षण घेतले तेव्हा आमची छत्री गोल होती. ती उडत नाही, फक्त पडणे अडवते, आणि फ्लेअर नावाची गोष्टच तिच्यात नाही. त्यामुळे आम्हाला उतरणे शिकवले नाही, पडणे शिकवले. पाच उड्यांनी विंग्ज, म्हणजे छत्रीधारी सैनिकाचा बिल्ला, मिळत, पण त्या पाच उड्यांआधी चौथऱ्यावरून वाळूत किती शे वेळा पडलो त्याची गणती नाही. डाव्या कुशीवर, उजव्या कुशीवर, पुढे, मागे, उस्ताद ओरडेल त्या दिशेला.

राजारामपुरीकर, तुमच्या वर्णनात ‘उजवा पाय आधी टेकला’ हे वाक्य आहे. माझ्या मते हाड तेथे मोडले. वळण चुकले हे मान्य, पण दोन्ही पाय, गुडघे आणि घोटे एकमेकांना चिकटवून, गुडघे किंचित वाकवून, हनुवटी छातीला आणि कोपरे अंगाला लावून आला असता, तर तोच मार चवडे, पोटरीची बाजू, मांडी, कुल्ला आणि पाठीचा कडेचा स्नायू या पाच ठिकाणी वाटला गेला असता. दोन पाय मिळून एक खांब होतो. एकेकटा पाय म्हणजे काडी.

आणखी एक गोष्ट मी चौकोनी छत्रीवाल्यांत पाहिली आहे. माणूस उजवीकडे ढळू लागला की आधार घेण्यासाठी उजवा हात आपोआप जमिनीकडे जातो. त्या हातात टॉगल असतो. हात खाली गेला की छत्री आणखी उजवीकडे वळते, म्हणून माणूस हात आणखी लांबवतो. मनगट मोडते ते असे. नजर पायाखाली न ठेवता दूर समोर ठेवली आणि दोन्ही हात बरगड्यांसमोर जवळजवळ ठेवून एकत्र खाली ओढले, तर ही खोड जाते.

प्लास्टर निघून डॉक्टरांनी होकार दिला की कोल्हापुरातच सराव करा. आपल्याकडे तालमी आहेत, ताक, हळद, लिंबू आणि तेल घालून मळलेली हौद्याची तांबडी माती आहे. आग्र्याच्या वाळूपेक्षा ती कितीतरी मऊ. वस्तादांची परवानगी घेऊन, कुस्त्या आटोपल्यावर, गुडघाभर उंचीच्या फळीवरून सुरुवात करा. एक मात्र सांभाळा. तालमीतल्या पोरांना सल्ला विचारू नका. त्यांचा जन्म पाठ टेकू न देण्यात जातो आणि येथे तर पाठ टेकवायचीच असते.

राजारामपुरी नववी गल्ली

आपणा सर्वांचे मनापासून आभार. टाकळीकर काका, लहानपणी दोन वर्षे तालमीत गेलो होतो, त्यामुळे हात टेकवण्याची खोड कोठून आली ते आता समजले.

आता एक व्यवहाराचा प्रश्न. माझे वजन अठ्ठ्याहत्तर किलो आहे आणि भाड्याची कॅनपी दोनशे दहा चौरस फुटांची होती. एक ओळखीचे गृहस्थ त्यांची एकशे सत्तरची कॅनपी निम्म्या किमतीत देत आहेत. ती घ्यावी काय?

नऊवारीतली भरारी

नावावरून कोणी गैरसमज करून घेऊ नये. नऊवारी नेसून उडी घेतली ती पुण्याच्या शीतल महाजन यांनी, २०१८ मध्ये थायलंडला. मी साधा जंपसूटच घालते.

कॅनपी घेऊ नका. हिशेब असा आहे. तुमच्या वजनात रिगचे, म्हणजे पाठीवरच्या साऱ्या पॅराशूट-सामानाचे, बारा किलो धरले तर नव्वद किलो, म्हणजे १९८ पाउंड. ते दोनशे दहाने भागले की दर चौरस फुटामागे ०.९४ पाउंड भार येतो, एकशे सत्तरने भागले की १.१६. एकतीस उड्या आणि एक मोडलेला पाय घेऊन एकच्या वर जाण्याचे काही कारण दिसत नाही. ज्या वळणाने तुम्हाला घोट्यावर सोडले, तेच वळण लहान कॅनपीत अधिक झपाट्याने लागेल आणि अधिक उंची खाईल. निम्म्या किमतीचे म्हणाल, तर गेल्या दोन महिन्यांत डॉक्टरांना किती दिले ते आठवून पाहा.

हलक्या वजनाच्या वाचकांसाठी एवढे सांगते की हे गुणोत्तर सर्वांना सारखे लागू पडत नाही. माझे वजन बावन्न किलो. रिगसह एकशे एकोणचाळीस पाउंड, दीडशेच्या कॅनपीवर ०.९३, म्हणजे कागदावर तुमच्याइतकीच ‘सौम्य’. पण लहान कॅनपीच्या दोऱ्या आखूड असतात, त्यामुळे लंबकही आखूड, आणि तोच टॉगल तेवढाच ओढला तरी माझी कॅनपी तुमच्या दोनशे दहापेक्षा चटकन कलते.

हवेचाही विचार करा. तुम्ही समुद्रकाठी शिकला असाल तर तेथील फ्लेअरची सवय येथे जशीच्या तशी चालत नाही. आपले कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे. मे महिन्यात पारा अडतीसवर गेला की येथील विरळ हवा दीड हजार मीटर उंचीवरच्या हवेसारखी वागते आणि कॅनपीचा खरा वेग सात-आठ टक्के वाढतो. पठारावरच्या कोणत्याही ठिकाणी, उन्हाळ्यात, तीच कॅनपी, तेच वजन असूनही जमीन लवकर आल्यासारखी वाटते. फ्लेअर लवकर झाला असे वाटले तर हात पुन्हा वर सोडू नका, आहेत तेथेच धरा, उरलेला ओढ शेवटच्या क्षणी पूर्ण करा आणि काकांनी सांगितल्याप्रमाणे पाय जुळवा. अर्ध्या फ्लेअरमधून हात सोडले की कॅनपी पुढे झेप घेते आणि आपटते.

परत जाल तेव्हा पहिल्या दोन उड्या पाच हजार फुटांवरून घ्या, बाहेर पडताच कॅनपी उघडा आणि सारा वेळ तिच्याखालीच घालवा. अडीच हजार फुटांच्या वर असेपर्यंत अर्ध्या ब्रेकमधली वळणे आणि पाच-सहा पूर्ण फ्लेअर, प्रत्येक वेळी टॉगल कोठवर आल्यावर कॅनपी मऊ पडते ते लक्षात ठेवून. इन्स्ट्रक्टरला खालून व्हिडिओ काढायला सांगा. माझ्या पहिल्या व्हिडिओत उजवा हात डाव्यापेक्षा वीतभर खाली होता, आणि मी शपथेवर सांगितले असते की दोन्ही समान होते.

राजारामपुरी नववी गल्ली

एकशे सत्तरला आत्ताच नकार कळवला. प्लास्टर पुढच्या गुरुवारी निघणार आहे. काका, फळीची उंची गुडघाभर म्हणजे माझ्या गुडघ्याइतकी की आपल्या?

टाकळीकर माजी सैनिक

पहिला महिना फळीच नको. जमिनीवर उभे राहून पडा.