मदत हवी आहे: कोलंबिया विद्यापीठाच्या नामवंतांचा तक्ता – कोणाला कुठल्या रकान्यात घालायचं?

तक्तावाला
१४ एप्रिलला वाचनालयात लावण्यासाठी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठावर तक्ता करायचा आहे. रकाने तीन: माजी विद्यार्थी, प्राध्यापक, अध्यक्ष. पुढच्या गोष्टींवर गाडी अडली आहे.
१. बाबासाहेबांच्या पीएचडीचं साल एका पुस्तकात १९१६, दुसऱ्यात १९१७, तिसऱ्यात १९२७ आहे. खरं कुठलं?
२. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले आयसेनहॉवर आणि दोन्ही रूझवेल्ट यांना कुठे घालायचं?
३. 'कोलंबियाने जगातल्या १०० विद्वानांत बाबासाहेबांना पहिला क्रमांक दिला' हे वाक्य ठेवावं का?
फोटो कुठला वापरावा तेही सुचवा.

जुनी सूची
पीएचडीच्या सालाचा गोंधळ होतो, कारण प्रबंध लिहून होणं आणि पदवी हातात पडणं या तिथे दोन वेगळ्या घटना होत्या. त्या काळी कोलंबियात प्रबंध छापून त्याच्या प्रती विद्यापीठाकडे जमा केल्याशिवाय पीएचडी बहाल होत नसे. बाबासाहेब १९१३ च्या जुलैमध्ये न्यूयॉर्कला पोहोचले. सयाजीराव गायकवाडांची शिष्यवृत्ती होती, दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. १९१५ मध्ये एम.ए. झालं. १९१६ मध्ये पीएचडीचं काम आटोपून ते लंडनला गेले. ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रांतिक वित्तव्यवस्थेवरचा ग्रंथ लंडनमध्ये छापून निघाला १९२५ मध्ये, त्याला प्रस्तावना त्यांचे गुरू एडविन सेलिग्मन यांची. पदवी रीतसर मिळाली १९२७ मध्ये. म्हणून तक्त्यावर 'विद्यार्थी १९१३–१६, एम.ए. १९१५, पीएचडी १९२७' असं लिहा. नुसतं '१९१६' लिहिलंत तर पदवीचं साल म्हणून ते चूक ठरेल, आणि नुसतं '१९२७' लिहिलंत तर ते तेव्हा न्यूयॉर्कमध्ये शिकत होते असा वाचकाचा समज होईल.

असंच दुसरं उदाहरण चीनचे विचारवंत हू शी यांचं. तोंडी परीक्षा १९१७, पदवी १९२७. तक्त्यात त्यांना बाबासाहेबांशेजारी जागा द्या, दोघांवरही तिथले तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक जॉन ड्यूई यांचा मोठा प्रभाव होता.

आणखी एक चूक नेहमी होते: 'प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा प्रबंध कोलंबियाच्या नावावर टाकतात. तो लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचा, डी.एस्सी. १९२३. कोलंबियाच्या तक्त्यात तो नको.

रकाना चार
तीन रकाने पुरणार नाहीत. प्रत्येक नावापुढे 'नातं' लिहा: पदवी घेतली, शिकले पण पदवी नाही, शिकवलं, अध्यक्ष होते, मानद पदवी. एका माणसाला दोन नाती असली तर दोन्ही लिहा. तुमची बरीचशी अडचण तिथेच सुटेल.

आयसेनहॉवर कोलंबियाचे विद्यार्थी नव्हतेच, ते वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीचे. १९४८ ते १९५३ ते विद्यापीठाचे अध्यक्ष होते, तिथून थेट अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष. मराठीत दोन्ही पदांना 'अध्यक्ष'च म्हणतात, त्यामुळे इथे 'विद्यापीठाचे' हा शब्द गाळू नका. थिओडोर आणि फ्रँकलिन रूझवेल्ट दोघेही तिथे कायदा शिकले आणि पदवी न घेता बाहेर पडले. २००८ मध्ये दोघांना मरणोत्तर कायद्याची पदवी देण्यात आली. बराक ओबामांची बी.ए. इथली, १९८३ ची. कायद्याची पदवी मात्र हार्वर्डची. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीश रूथ बेडर गिन्सबर्ग माजी विद्यार्थी आणि प्राध्यापक अशा दोन्ही रकान्यांत बसतात: कोलंबियाची कायद्याची पदवी १९५९, आणि १९७२ ते १९८० तिथल्याच विधी विद्यालयात प्राध्यापक.

अध्यक्षांच्या रकान्यात निकोलस मरे बटलर हवेतच. कारकीर्द १९०२ ते १९४५, म्हणजे बाबासाहेब शिकत असताना अध्यक्ष तेच होते. १९३१ च्या शांततेच्या नोबेलचे ते सहमानकरी.

प्राध्यापकांत आधी बाबासाहेबांना शिकवणारे घ्या: सेलिग्मन, ड्यूई, इतिहासाचे जेम्स हार्वी रॉबिन्सन, मानववंशशास्त्राचे गोल्डनवायझर. बाबासाहेबांनी ९ मे १९१६ ला जातिसंस्थेवरचा निबंध वाचला तो गोल्डनवायझर यांच्याच चर्चासत्रात. अलीकडच्या नावांत मुंबईत जन्मलेले अर्थतज्ज्ञ जगदीश भगवती. त्यांनी पदवी इथली घेतलेली नाही, त्यामुळे फक्त प्राध्यापक.

जुनी सूची
तिसऱ्या प्रश्नाबद्दल: ते वाक्य काढा. २००४ मध्ये विद्यापीठाला २५० वर्षं झाली (स्थापना १७५४, 'किंग्ज कॉलेज' या नावाने) तेव्हा 'काळाच्या पुढे असलेले कोलंबियन' अशी निवडक नावांची यादी केली होती. बाबासाहेब त्या यादीत आहेत, पण ती क्रमवारी नव्हती, आणि यादीही त्या विद्यापीठाशी नातं असलेल्यांची, सगळ्या जगातल्या विद्वानांची नव्हे. 'कोलंबियाने २५० वर्षांच्या निमित्ताने गौरवलेले माजी विद्यार्थी' हे पूर्ण खरं आहे आणि पुरेसं मोठं आहे. एखाद्या शाळकरी मुलाने ते वाक्य तपासून पाहिलं आणि खोटं निघालं, तर उरलेल्या तक्त्यावरचाही त्याचा विश्वास उडेल.

रकाना चार
फोटोचं: बहुतेक जण खांबांची रांग असलेल्या बटलर ग्रंथालयाचा लावतात. ते १९३४ चं, बाबासाहेबांनी विद्यार्थी असताना पाहिलेलंच नाही. त्यांच्या वेळचं ग्रंथालय म्हणजे घुमटाचं 'लो', १८९७ चं, समोर पायऱ्यांवर 'अल्मा मातेर'चा, म्हणजे विद्यामातेचा, पुतळा. तो फोटो घ्या. शोधताना 'न्यूयॉर्क' जोडून शोधा, नाहीतर कोलंबिया देश आणि कॅनडातलं ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठ मध्ये येतं. मराठीत तिन्ही एकसारखेच लिहितात.

तक्तावाला
दोघांचेही आभार. बाबासाहेबांची पाटी अशी केली आहे, बघा:
'डॉ. भीमराव रामजी आंबेडकर. विद्यार्थी १९१३–१६. एम.ए. १९१५, पीएचडी १९२७. मानद डी.लिट. १९५२.'

जुनी सूची
शेवटचं बदला. कोलंबियाने ५ जून १९५२ ला दिली ती मानद एलएल.डी., म्हणजे कायद्याची डॉक्टरेट. डी.लिट. उस्मानिया विद्यापीठाची, जानेवारी १९५३. बाकी पाटी छापायला द्या.