विषय: बाबांच्या पावत्या आणि लायब्ररीचं कार्ड

प्रेषक: टिळकवाडीकर (सध्या मुक्काम बेळगाव)

नमस्कार मंडळी,

सहा आठवडे झाले, बेळगावात आहे. बाबांच्या एका डोळ्याचा मोतीबिंदू काढला, दुसऱ्याचा पुढच्या महिन्यात. घरात बसून काय करायचं म्हणून कपाट आवरायला घेतलं आणि पावत्यांची पिशवी हाती लागली. नऊ लाख रुपये, सगळे एकाच सौहार्द सोसायटीत, म्हणजे इथल्या सहकारी पतसंस्थेसारख्या संस्थेत. बँकेपेक्षा दीड टक्का व्याज जास्त. कुणी सांगितलं इथं ठेवायला, असं विचारलं तर बाबा म्हणाले, "आपलाच पोरगा आहे की, गल्लीतला." त्याच पिशवीत तीन कंपन्यांची कागदी शेअर सर्टिफिकिटं. आईचं नाव पहिलं. आई जाऊन अकरा वर्षं झाली.

आता गंमत ऐका. बाबा काही अडाणी गुंतवणूकदार नाहीत. रोज सकाळी साडेआठला वाचनालयात जातात, बाजारभावाचं पान उघडतात आणि आपल्या तीन कंपन्यांचे दर पेन्सिलीनं वहीत उतरवतात. अशा वह्यांचा गठ्ठा माळ्यावर आहे. पण त्यात फक्त दर. कंपनीवर कर्ज किती, नफा वाढतोय की घटतोय, यातलं काहीच नाही.

न्यू जर्सीत मी शनिवारी मुलीला लायब्ररीत गोष्टींच्या तासाला सोडतो आणि खाली व्हॅल्यू लाइनची, म्हणजे कंपन्यांची माहिती देणाऱ्या एका प्रकाशनाची, पानं चाळत बसतो. परवा रात्री सहज म्हणून इथून लायब्ररीच्या कार्डाचा नंबर आणि पिन टाकला, तर उघडलं! बाबांना दाखवलं. त्यांनी भिंग घेऊन पान खालपासून वरपर्यंत बघितलं आणि विचारलं, "हे कोण विकूलंय तुला?"

कुणी नाही, लायब्ररीचं आहे, फुकट आहे, म्हटलं. त्यांचा विश्वास बसला नाही.

तर प्रश्न दोन. लायब्ररीचा असा वापर आणखी कोण करतं आणि नेमका कसा? आणि इथं, बेळगावात, बाबांसारख्या माणसाला त्यातलं काय मिळेल?

---

प्रेषक: ग्रंथपाल काकू (ओहायो)

अरे, बाबांचा प्रश्न अगदी बरोबर आहे. माझ्या टेबलाशी येणारे अर्धे लोक हाच प्रश्न विचारायचा विसरतात.

फुकट नाही रे ते. तुझ्या प्रॉपर्टी टॅक्समधून जातं. लायब्ररी वर्षाची वर्गणी भरते आणि कार्ड असलेल्या प्रत्येकाला दार उघडं. घरून उघडेल की लायब्ररीत येऊनच बघावं लागेल, हे त्या त्या लायब्ररीच्या करारावर असतं. तुझं परदेशातून उघडलं हे नशीब.

व्हॅल्यू लाइनबद्दल थोडं विस्तारानं लिहिते, कारण लोक ते चुकीच्या टोकाकडून वाचतात. सुमारे १,७०० कंपन्या, प्रत्येकीला एकच पान, आणि दर तेरा आठवड्यांनी ते पान नवं होतं. वर डाव्या कोपऱ्यात १ ते ५ असे क्रमांक असतात, १ सगळ्यात चांगला. टाइमलीनेस (पुढच्या काही महिन्यांत भाव कसा चालेल याचा अंदाज) आणि सेफ्टी (शेअर किती सुरक्षित). नवखा माणूस टाइमलीनेसचा १ बघतो आणि लगेच फोन काढतो. मी म्हणते, तो कोपरा हातानं झाक. आधी डाव्या बाजूच्या चौकटीत कर्ज किती ते वाच, मग मधला आकड्यांचा तक्ता आडवा वाच: विक्री, नफा, लाभांश, एकेका वर्षाचा रकाना, दहा-पंधरा वर्षं मागे. मंदीच्या वर्षांच्या रकान्यांत काय झालं होतं ते बघ. ज्या कंपनीचा लाभांश त्या वर्षांत टिकला, तिच्याबद्दल तुला कोपऱ्यातल्या आकड्यापेक्षा जास्त कळलं.

मॉर्निंगस्टार कंपनी म्युच्युअल फंडांना तारे देते, त्यांचंही तसंच. एका गटातल्या फंडांपैकी वरच्या १० टक्क्यांना पाच तारे, आणि हे सगळं मागच्या कामगिरीवर. फंड तीन वर्षांचा झाल्याशिवाय तारे मिळतच नाहीत. पुढचं भविष्य त्यात नाही.

पुस्तकं हवी असतील तर कपाटावरचा ड्यूई वर्गीकरण क्रमांक ३३२.०२४ म्हणजे घरचा पैसा आणि ३३२.६ म्हणजे गुंतवणूक. नसलं पुस्तक तर दुसऱ्या लायब्ररीतून मागवून देतो. एक गोष्ट मात्र आम्ही करत नाही: काय घ्यावं ते सांगत नाही. एक आजोबा माझ्यावर रागावून गेले होते त्यावरून. "एवढं शिकलीस आणि एक शेअर सांगता येत नाही?"

---

प्रेषक: निपाणीची लेक

काकू, सगळं छान. पण दादाचा दुसरा प्रश्न तुम्ही सोडलात.

आमच्याकडे कुठली व्हॅल्यू लाइन? तंबाखूचे पैसे आले की थोडं सोनं, थोडी भिशी, उरलेलं पतसंस्थेत. मराठी वाचनालयांत कादंबऱ्या आणि दिवाळी अंक. सरकारी ग्रंथालयात कन्नड पुस्तकं आणि स्पर्धा परीक्षेची पोरं. १८४८ पासून चालत आलेलं सार्वजनिक वाचनालय ज्या शहरात आहे, तिथल्या मराठी माणसाला ताळेबंद कसा वाचायचा ते मराठीत सांगणारं पुस्तक शोधावं लागतं, हे मला खटकतं. ग्रंथालय कर मात्र आपणही भरतो. कर्नाटकाचा १९६५ चा ग्रंथालय कायदा आहे, घरपट्टीवर ६ टक्के. बाबांची घरपट्टीची पावती बघ, रकाना असतो. तेव्हा बाबांना सांग, इथलंही फुकट नाही.

आणि त्या नऊ लाखांचं. व्हॅल्यू लाइन राहू दे, आधी हे वाच. बँकेत, अगदी सहकारी बँकेतसुद्धा, प्रत्येक बँकेतल्या एका माणसाच्या ५ लाखांपर्यंतच्या ठेवीला, व्याज धरून, डीआयसीजीसीचा, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या ठेव विमा कंपनीचा, विमा असतो. फेब्रुवारी २०२० पासून ५ लाख, त्याआधी १ लाख होता. सौहार्द सोसायटी ही बँक नाही. पतसंस्था बँक नाही. तिथं हा विमा नाही, नऊ लाखांना नाही आणि नऊ रुपयांनाही नाही. माझ्या मामांचे पैसे एका संस्थेत चार वर्षं अडकलेत. नाव लिहीत नाही. संस्थेच्या पाटीवर लक्ष्मीचं चित्र होतं आणि उद्घाटनाला आमदार आले होते, एवढ्यावर मामांनी ठेवले. दर सोमवारी जातात, "पुढच्या आठवड्यात या" ऐकून येतात. बसभाडं वेगळं.

माफ करा, जरा जास्तच लिहिलं.

---

प्रेषक: जुना खजिनदार (मंडळ, २००६ ते २००९)

जास्त नाही लिहिलंस, ताई. टिळकवाडीकर, तुमच्यासाठी तीन गोष्टी, घाईत:

बाबांना एजंट आता म्युच्युअल फंड सुचवेल. १ जानेवारी २०१३ पासून प्रत्येक फंडाची डायरेक्ट योजना आहे, तिच्यात एजंटाचं कमिशन नाही. फरक एक टक्का धरला तरी दहा लाखांवर वर्षाला दहा हजार. फंडांचे रोजचे दर फंड कंपन्यांच्या संघटनेच्या, म्हणजे अ‍ॅम्फीच्या साइटवर, कंपन्यांचे वार्षिक अहवाल शेअर बाजारांच्या साइटवर, कार्डसुद्धा लागत नाही.

स्वतःच्या नावावर मात्र भारतातले म्युच्युअल फंड घेऊ नका. अमेरिकेच्या करकायद्यात त्याला पीएफआयसी (परदेशी गुंतवणूक कंपनी) म्हणतात, प्रत्येक फंडाला फॉर्म ८६२१, आणि कर भरून जीव मेटाकुटीला येतो. बाबांच्या खात्यात तुमचं नाव जोडलंत, तर तुमची परदेशातली सगळी खाती मिळून वर्षात कधीही १०,००० डॉलर ओलांडले की एफबार, म्हणजे परदेशी खात्यांची अमेरिकी सरकारला द्यायची माहिती, भरा.

आईच्या सर्टिफिकिटांचं: १ एप्रिल २०१९ पासून कागदी शेअर विकून दुसऱ्याच्या नावावर करता येत नाहीत, डीमॅट, म्हणजे शेअरचं इलेक्ट्रॉनिक खातं, लागतं. वारसाहक्कानं नाव लावणं होतं. पण सलग सात वर्षं लाभांश कुणी घेतला नसेल तर शेअर आयईपीएफमध्ये, म्हणजे कुणी न मागितलेले लाभांश आणि शेअर जमा होतात त्या सरकारी निधीत, गेले असतील. जातात ते कायमचे नाही, आयईपीएफ-५ अर्ज करून परत मिळतात. आधी त्यांच्या साइटवर आईचं नाव शोधा.

---

प्रेषक: टिळकवाडीकर

मंडळी, दहा दिवसांनी लिहितोय.

निपाणीच्या ताई, तुमची मेल मी बाबांना मोठ्यानं वाचून दाखवली. "नऊ रुपयांनाही नाही" इथं ते थांबले आणि म्हणाले, परत वाच.

दुसऱ्या दिवशी त्यांच्याबरोबर वाचनालयात गेलो. लांब लाकडी टेबल, वर पंखा, पेपर काठीत अडकवलेले. माझ्या मनात ताईंचंच वाक्य होतं, की इथं काय मिळणार. पण बाबांनी बाजारभावाचं पान बाजूला सारलं आणि तिथल्या माणसाकडे पेपरच्या जुन्या फायली मागितल्या. गेल्या वर्षीच्या. सप्टेंबरपर्यंत सोसायट्यांच्या वार्षिक सभा होतात, तेव्हा सभेची नोटीस पेपरात येते, हे त्यांना ठाऊक होतं. मला नव्हतं. आम्ही दोघं आतल्या पानांवरच्या बारीक टायपातल्या जाहीर नोटिसा बघत बसलो, ते भिंग घेऊन आणि मी चष्मा कपाळावर ढकलून. शेताच्या विक्रीला हरकत, हरवलेली कागदपत्रं, नावात बदल. तिसऱ्या दिवशी त्यांची सोसायटी सापडली. सभेची नोटीस एक. आणि थकीत कर्जापोटी गहाण मालमत्तेच्या लिलावाच्या नोटिसा पाच, त्यातल्या तीन एकाच कर्जदाराच्या, वेगवेगळ्या नावांनी.

बाबांनी वहीच्या मागच्या पानावर तारखा उतरवून घेतल्या. पेन्सिलीनंच.

मग आम्ही सोसायटीत गेलो. ठेव ठेवताना त्यांना सभासद करून घेतलं होतं, त्याची पावती होती, म्हणून वार्षिक अहवाल मागितला. काउंटरवरची मुलगी म्हणाली, असं कुणी मागत नाही, साहेबांना विचारते. चहा आला. गल्लीतला पोरगाही आला. शेवटी अहवाल मिळाला, निम्मा मराठीत आणि निम्मा कन्नडमध्ये. काकू, तुमची पद्धत मी तिथं वापरली. चेअरमनचं मनोगत आणि फोटो हातानं झाकले, थेट ताळेबंद उघडला. थकबाकी वाढून मागच्या वर्षीच्या जवळजवळ दुप्पट. कन्नड टिपा शेजारच्या गल्लीतल्या मास्तरांनी वाचून दिल्या.

पाच लाखांची मुदत तेरा तारखेला संपली, ती पावती मोडली, पैसे आले. दोन दिवस झुलवलं, पण आले. दोन बँकांत विभागून ठेवले. उरलेल्या चार लाखांची मुदत फेब्रुवारीत आहे. आधी मोडली तर व्याज कापतात, आणि बाबांना वाटतं तेवढी वाट बघावी. मला तसं वाटत नाही. त्यावरून घरात रोज दोनदा वाद चालू आहे.

खजिनदारसाहेब, आईचं नाव आयईपीएफच्या यादीत सापडलं, तीनपैकी दोन कंपन्यांत. अर्ज भरतोय. मृत्यूच्या दाखल्यावर आणि सर्टिफिकिटावर आईचं नाव वेगवेगळं लिहिलंय, त्याचं प्रतिज्ञापत्र करायला उद्या कोर्टाकडे जायचंय.

एक विनंती. डिसेंबरात कुणी बेळगावला येणार असेल तर दिव्याचं मोठं भिंग आणाल का? इथं मिळालं ते बाबांना पसंत नाही. वाचनालयातल्या आणखी दोघा म्हाताऱ्यांनी आपापल्या सोसायट्यांच्या नोटिसा शोधायला घेतल्यात आणि बाबांचं भिंग आता त्यांच्याकडेच असतं. पैसे देतो, वर कुंदा देतो.

---

प्रेषक: निपाणीची लेक

मी येतेय, वीस तारखेला. दोन आणते. एक मामांना.