साइड स्टेपचे बोल्ट हलत नसतील तर

गाडीच्या साइड स्टेपचे, म्हणजे दाराखालच्या पायरीचे, दोन बोल्ट निघाले, तिसऱ्याचं डोकं गोल व्हायला लागलंय, आता पान्याला लांब पाइप लावून जोर करू का, असं तुम्ही विचारलंय. कृपया थांबा. चेसिसच्या आत बहुतेकदा नट वेल्ड केलेला असतो. तो सुटून आतल्या आत फिरायला लागला की बाहेरून धरायला काहीच उरत नाही. रत्नागिरीच्या खाऱ्या हवेत सहा पावसाळे काढलेल्या माझ्या पिकअपवर मी हीच चूक केली आणि शेवटी ग्राइंडरने डोकं कापावं लागलं.

तारेच्या ब्रशने गंज काढा, गंज सोडवणारं तेल मारा, रात्रभर मुरू द्या, सकाळी परत मारा. सॉकेट बारा कोनी नको, सहा कोनी घ्या; त्याची पकड कोपऱ्यांवर न येता सपाट बाजूंवर येते. बोल्ट आधी किंचित आवळायच्या दिशेने हलवा, मग उलटा. पाव फेरा सैल, थोडा परत आवळा, पुन्हा तेल. वेळ लागतो, पण आटे वाचतात. गॅसची ज्योत मात्र नकोच, शेजारून ब्रेकच्या आणि डिझेलच्या नळ्या जातात.

निघाल्यावर नटात टॅप (आटे साफ करायचं हत्यार) फिरवा, पण आधी पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, बघा: १० मिमीच्या बोल्टमध्ये १.५ आणि १.२५ मिमी दोन्ही येतात. नवे बोल्ट सुरुवातीला हातानेच लावा. सगळे ब्रॅकेट सैल ठेवून स्टेप बसवा, सरळ करा, मगच आवळा.